खानापुरात बसून पुण्याच्या गोदामाचा हिशेब: घरून काम चालू ठेवावे का?

मलप्रभाकाठ | ६ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार. माझे गाव खानापूर तालुक्यात आहे. बेळगावात अभियांत्रिकीचे शिक्षण झाल्यावर मी पुण्यात तीन वर्षे एका कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. त्यानंतर सध्याच्या कंपनीत पुरवठा साखळीचा विदा (डेटा) विश्लेषक म्हणून लागलो; येत्या ऑक्टोबरअखेर तिथे पाच वर्षे पूर्ण होतील. त्यातली जवळजवळ चार वर्षे हे काम मी गावच्या घरातून करतो आहे.

काम काय, हे थोडक्यात सांगतो, कारण गावात मला रोज तेच विचारले जाते. कंपनी पंपांचे भाग बनवते. सकाळी ईआरपीमधून (कंपनीच्या सगळ्या व्यवहारांची संगणक प्रणाली) आदल्या दिवसाच्या खरेदी ऑर्डर, आवक, साठा आणि उत्पादनाचा वापर यांच्या नोंदी काढायच्या, एसक्यूएलने (नोंदी शोधण्या-जुळवण्याची संगणकभाषा) त्या जुळवायच्या, आणि कोणता भाग किती दिवस पुरेल, कोणता पुरवठादार उशीर करतो आहे, पुढच्या तीन महिन्यांत किती माल लागेल, हे पॉवर बीआयच्या डॅशबोर्डवर दहा वाजण्याच्या आत मांडायचे. त्यावरून खरेदीची माणसे फोन करतात आणि गाड्या हलतात.

आता कंपनीने दोन पर्याय दिले आहेत. एक तर १ सप्टेंबरपासून आठवड्यातले चार दिवस पुण्याच्या कार्यालयात यायचे, किंवा नोकरी सोडून त्याच कामासाठी कंत्राटी पद्धतीने घरूनच राहायचे. बाबा आता एकटे आहेत, घराला आणि शेताला माणूस हवा, हे एक कारण झाले. पण मला खरी काळजी वेगळीच आहे. गेल्या वर्षभरात मी एकही सुटा भाग हातात घेतलेला नाही. ज्या मालाविषयी मी रोज मत देतो तो माल मला केवळ सहा अंकी क्रमांक म्हणून माहीत आहे. घरून काम करताना माझी समज झिजते आहे का, आणि तसे असेल तर पुण्याला परत जाणे हाच त्यावरचा उपाय आहे का, हे या क्षेत्रातल्या आणि आपल्या भागातल्या लोकांनी मोकळेपणाने सांगावे.

टिळकवाडी | ६ जुलै, रात्री १०:१५

पुण्याला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी नियोजन विभागात अठरा वर्षे काढली आहेत. बढतीच्या यादीवर चर्चा होते तेव्हा ज्याचा चेहरा समोर असतो त्याचे नाव आधी निघते. हे योग्य नाही, पण तसे होते. शिवाय चहाच्या टपरीवर जे कळते ते डॅशबोर्डवर कळत नाही. वितरण विभागाचा माणूस सहज बोलून जातो की पुढच्या महिन्यात मोठी ऑर्डर येणार आहे, आणि तुमचा तीन महिन्यांचा अंदाज तिथल्या तिथे बदलतो.

उद्यमबागकर | ७ जुलै, सकाळी ७:०५

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत डिस्पॅच आणि गुणवत्ता पाहतो, म्हणजे आपण दोघे एकाच दोरीच्या दोन टोकांना आहोत. मला आलेला एक अनुभव लिहितो.

आमचे कास्टिंग (ओतीव भाग) पुण्याच्या एका ग्राहकाकडे जाते. त्यांच्या विश्लेषकाने एकदा तक्ता पाठवला की आमचा लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल मिळेपर्यंतचा काळ) अत्यंत अनियमित आहे, काही खेपा सात दिवसांत येतात तर काहींना बारा-तेरा दिवस लागतात, आणि म्हणून आमचे गुण कमी करून ऑर्डर दुसरीकडे वळवावी. आम्ही चक्रावलो, कारण आमच्याकडची हीट (वितळलेल्या धातूची खेप) ठरलेल्या दिवशी ओतली जाते, फेटलिंगलाही (कास्टिंग साफ करायला) ठरावीक वेळ लागतो, आणि गाडी बेळगावहून रात्री निघाली की ३४० किलोमीटर कापून सकाळी पुण्यात असते. आम्ही आमच्या फाटकावरची आवक-जावक वही काढली आणि त्यांच्या तक्त्याशी ओळीने ओळ जुळवली. गुरुवारी रात्री निघालेल्या गाड्या त्यांच्याकडे शुक्रवारी पोहोचत होत्या. त्यांच्या तपासणी विभागात शुक्रवारी माल उतरवून घेत, पण जीआरएन (माल स्वीकारल्याची नोंद) मात्र सोमवारी, कधी सुट्टी आली तर मंगळवारी, आणि नमुना तपासायला मोजमापाचे यंत्र मोकळे नसेल तर त्याच्याही पुढे केला जात असे. विश्लेषकाकडे आवकेची तारीख म्हणून येत होती ती जीआरएनची. त्याने आकडे बरोबर मोजले होते. ते आकडे आमच्याविषयी मात्र काही सांगत नव्हते.

तो मुलगा पुण्यातच, त्याच कारखान्याच्या वरच्या मजल्यावर बसत होता. जिना उतरून खाली गेला असता तर त्याला हे दिसले असते. तेव्हा कार्यालयात बसल्याने माल कळतो, हे टिळकवाडी यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. आपल्याकडे यायचे असेल तर कधीही या. खानापूर ते उद्यमबाग हे अंतर काही फार नाही.

अंकगणित | ७ जुलै, सकाळी ११:२०

उद्यमबागकर यांच्या अनुभवातून पैशांचा किती फरक पडतो हे मांडून दाखवतो, म्हणजे हा विषय केवळ न्यायाचा नाही हे लक्षात येईल.

समजा एका भागाचा रोजचा सरासरी वापर ४० नग आहे आणि त्यातील प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) १० नग. लीड टाइम सरासरी ९ दिवस, आणि तक्त्यातल्या चुकीच्या तारखांमुळे त्याचे विचलन ३ दिवस दिसते. ९५ टक्के सेवा पातळीसाठी (शंभरपैकी पंचाण्णव वेळा माल कमी पडू नये यासाठी) गुणक १.६५ घेतला तर सेफ्टी स्टॉक (अडीनडीसाठी ठेवायचा जादा साठा) असा निघतो: ९ गुणिले १० चा वर्ग, म्हणजे ९००; अधिक ४० चा वर्ग गुणिले ३ चा वर्ग, म्हणजे १४,४००. बेरीज १५,३००, वर्गमूळ सुमारे १२४, आणि १.६५ ने गुणल्यावर २०४ नग. आता खरे विचलन १ दिवस आहे असे धरा. ९०० अधिक १,६०० म्हणजे २,५००, वर्गमूळ ५०, आणि सेफ्टी स्टॉक ८३ नग. एका भागामागे १२१ नग केवळ जीआरएन उशिरा केल्यामुळे गोदामात पडून राहतात. असे पाचशे भाग असतील तर किती भांडवल अडकते याचा विचार करावा.

या गणितात मागणीच्या चढउतारापेक्षा लीड टाइमच्या चढउताराचा वाटा कितीतरी मोठा आहे. तरीही बहुतेक कंपन्या सगळी शक्ती मागणीचा अंदाज सुधारण्यात घालवतात.

मलप्रभाकाठ | ७ जुलै, दुपारी १:५०

उद्यमबागकर, अंकगणित, दोघांचे मनापासून आभार. अंकगणित यांच्या मांडणीत एक दुरुस्ती सुचवतो. जीआरएनचा उशीर काढून टाकला तर विचलनाबरोबर सरासरीही घटेल. ९ ऐवजी ८ दिवस धरले तर ८०० अधिक १,६००, म्हणजे २,४००. वर्गमूळ ४९ आणि सेफ्टी स्टॉक ८१. निष्कर्ष तोच राहतो.

पण हे वाचून मी अस्वस्थ झालो. मीदेखील आवकेची तारीख म्हणून जीआरएनचीच तारीख घेतो. आज दुपारी दहा पुरवठादारांच्या नोंदी वारांप्रमाणे लावून पाहिल्या. सोमवारी होणाऱ्या जीआरएनची संख्या इतर कोणत्याही वारापेक्षा जवळजवळ दुप्पट आहे.

घाटवाट | ७ जुलै, सायंकाळी ६:३०

सूत्राविषयी एक इशारा. ते मांडताना लीड टाइमचे वितरण घंटेच्या आकाराचे आहे असे गृहीत धरलेले असते. मी बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या भाजीपाल्याच्या वाहतुकीचे नियोजन करते. उन्हाळ्यात चोर्ला घाटातून गाडी किती वेळात उतरेल हे मी घड्याळ लावून सांगू शकते. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र बहुतेक दिवस थोडासाच उशीर होतो आणि एखाद्या दिवशी दरड आली किंवा झाड पडले की सगळी रात्र जाते. अशा वेळी सरासरी आणि विचलन यांत खरी जोखीम दिसत नाही. मी पावसाळ्याचे आणि उरलेल्या वर्षाचे असे दोन वेगळे संच ठेवते आणि थेट पंचाण्णवावे शतमक वाचते: शंभर खेपांपैकी पंचाण्णव किती तासांच्या आत पोहोचल्या? व्यापाऱ्यालाही हे पटकन समजते. टोमॅटोचा सेफ्टी स्टॉक ठेवता येत नाही, त्यामुळे माझ्याकडे सावधगिरीचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे गाडी दोन तास आधी भरणे किंवा ती अनमोडमार्गे वळवणे.

निपाणीची सून | ७ जुलै, रात्री ११:१०

मी सहा वर्षे हेच काम घरून करते, आधी मुंबईच्या एका कंपनीसाठी आणि आता दोन ग्राहकांसाठी स्वतंत्रपणे. समज झिजते का, या प्रश्नाकडे येण्याआधी घरची बाजू लिहिते, कारण ती सावरली नाही तर बाकीचे सगळे व्यर्थ आहे.

पहिल्या वर्षी सासूबाईंना वाटत असे की मी घरीच आहे, म्हणजे मोकळी आहे. दार वाजले की मी, गॅस सिलिंडर आला की मी, पाहुणे आले की मीच. त्यांना दोष देत नाही. त्यांनी आयुष्यभर काम म्हणजे तंबाखूच्या वखारीत किंवा शेतात जाणे असेच पाहिले होते. एके दिवशी मी त्यांना शेजारी बसवले आणि डॅशबोर्ड दाखवला. हा लाल चौकोन म्हणजे औषधाच्या बाटल्यांची झाकणे संपत आली आहेत, आणि ती आज मागवली नाहीत तर चार दिवसांनी एक यंत्र बंद पडेल, असे सांगितले. त्या दिवसापासून सकाळी आठ ते अकरा मला कोणी हाक मारत नाही. बाईने घरून केलेले काम घरच्यांना दिसत नाही, ते दाखवावे लागते, हे मी फार उशिरा शिकले.

इंटरनेटसाठी फायबर आणि मोबाइलचे वेगळ्या कंपनीचे कार्ड असे दोन मार्ग ठेवावेत. राउटरला स्वतंत्र लहान बॅटरी लावावी, कारण वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्यात व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी असलेली सुरक्षित जोडणी) तुटून तासभर चाललेली क्वेरी वाया जाते. आणि विदा कधीही स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवू नये. पुरवठादारांचे दर हे कंपनीचे गुपित असते.

वडगावचा माग | ८ जुलै, सकाळी ८:००

अप्रतिम धागा. वाचनखूण साठवली.

शिनोळी नाका | ८ जुलै, सकाळी १०:४५

सीमाभागातल्या विश्लेषकाला बाहेरच्या माणसापेक्षा काही गोष्टी जन्मजात कळतात, आणि त्यांचे मोल कमी लेखू नये, असे मला वाटते. माझ्या कामातली दोन उदाहरणे देतो.

पहिले नावांचे. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातील बारा शहरांची अधिकृत नावे बदलली. बेळगावचे बेळगावी झाले, हुबळीचे हुब्बळ्ळी, विजापूरचे विजयपुरा, गुलबर्ग्याचे कलबुरगी. जुन्या ग्राहकांच्या नोंदी जुन्या नावाने आणि नव्या ग्राहकांच्या नव्या नावाने राहिल्या; त्यातही स्पेलिंगचे चार-पाच प्रकार. नावाप्रमाणे बेरीज मारली की एकाच शहराची मागणी पाच ओळींत विखुरते आणि प्रत्येक ओळ इतकी लहान दिसते की तिथे साठा ठेवण्याची गरजच नाही असे वाटते. आमच्याकडे एका हुशार मुलीने नेमक्या याच कारणाने बेळगावचे उपगोदाम बंद करण्याची शिफारस केली होती. ती दिल्लीची, तिला ही सगळी नावे एकाच गावाची आहेत हे कोण सांगणार?

दुसरे त्याहून अवघड. धागालेखकांचे खानापूर बेळगाव जिल्ह्यातले, पण सांगली जिल्ह्यातही विट्याजवळ खानापूर आहे. शहापूर बेळगावातच आहे, ठाणे जिल्ह्यात आहे आणि यादगीर जिल्ह्यातही आहे. गावाच्या नावावरून अंतर काढणाऱ्या प्रणालीने आमची एक गाडी चुकीच्या खानापूरच्या हिशेबाने लावली होती. तेव्हापासून मी गावाच्या नावावर विश्वास ठेवत नाही. पिनकोड आणि जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहतो. २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा. आमचे युनिट शिनोळीत, म्हणजे चंदगड तालुक्यात. तिथून बेळगावात माल न्यायचा तर रस्ता अगदी थोडा, पण राज्य बदलते. आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लागतो आणि ५० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल (वाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र) लागते. नकाशावर जवळ दिसणारा पुरवठादार कागदपत्रांच्या दृष्टीने दूरचा असू शकतो, हे ज्याने नाक्यावर गाडी थांबलेली पाहिली आहे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

टिळकवाडी | ८ जुलै, दुपारी १२:३०

शिनोळी नाका यांचे दोन्ही मुद्दे मान्य. उद्यमबागकर यांचा अनुभवही विचार करायला लावणारा आहे. तरी माझे मत मी पूर्ण बदललेले नाही. ज्याचे वय पंचविशीच्या आत आहे त्याने पहिली दोन-तीन वर्षे तरी कारखान्यात काढावीत. मलप्रभाकाठ यांनी खरेदी विभागात तीन वर्षे काढली आहेत, आणि जीआरएनचा मुद्दा वाचताच त्यांना वार तपासावेसे वाटले ते त्या तीन वर्षांमुळे, असे मी मानतो. थेट घरून सुरुवात करणाऱ्याला ते सुचले असते का?

पहिलीच पायरी | ८ जुलै, दुपारी ३:१५

मी बेळगावात शेवटच्या वर्षाला आहे आणि मला याच क्षेत्रात यायचे आहे. टिळकवाडी काका, पायथन शिकू की एसएपी (ईआरपीची एक प्रणाली)? शिकवणीवाले एक लाख रुपये मागतात.

टिळकवाडी | ८ जुलै, दुपारी ४:००

लाख रुपये कोणालाही देऊ नका. एक्सेलमध्ये पॉवर क्वेरी आणि पिव्होट पक्के करा, नंतर एसक्यूएल, नंतर पायथन. एसएपी ज्या कंपनीत असेल ती कंपनी शिकवते. एनपीटीईएलवर (आयआयटी आणि आयआयएससीच्या ऑनलाइन शिक्षण मंचावर) पुरवठा साखळीचे अभ्यासक्रम विनामूल्य ऐकता येतात. पण त्याआधी एक काम करा. ओळखीच्या किराणा दुकानदाराकडे महिनाभर संध्याकाळी बसा आणि तीस वस्तूंची रोजची विक्री आणि शिल्लक लिहा. कोणती वस्तू रोज जाते आणि कोणती पंधरा दिवसांतून एकदा, ते पाहा. जी वस्तू क्वचितच जाते तिचा अंदाज सरासरीने काढता येत नाही. त्यासाठी १९७२ मध्ये क्रॉस्टन यांनी वेगळी रीत मांडली, ज्यात किती गेले आणि किती दिवसांनी गेले यांचा अंदाज स्वतंत्रपणे काढतात. वही भरल्यावर ती रीत वाचली तर एका बैठकीत समजेल.

चिकोडीचा ऊस | ८ जुलै, रात्री ८:२०

थोडे विषयांतर वाटेल, पण मूळ प्रश्नाशी त्याचे नाते आहे. आमच्या चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात दर हिवाळ्यात एक अवाढव्य पुरवठा साखळी चालते आणि तिला कोणी त्या नावाने ओळखत नाही. ऊस तोडला की त्यातील साखर तासागणिक उतरू लागते. एका दिवसाच्या आत तो गाळला जावा यासाठी सगळी धडपड असते. तोडणीची टोळी, ट्रॅक्टर, कारखान्याच्या आवारातली रांग आणि गाळपाची क्षमता यांतला एक दुवा अडला की शेतकऱ्याचे वजन घटते आणि कारखान्याचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) घटतो. मी दोन हंगाम एका कारखान्याच्या वजनकाट्याच्या नोंदी अभ्यासल्या. रांगेतला वेळ मोजायला कोणतेही महागडे साधन लागले नाही; गाडी आत आल्याची वेळ आणि रिकामी बाहेर पडल्याची वेळ या दोन नोंदी पुरल्या. पण रात्री दोन वाजता रांगेत ट्रॅक्टरवर झोपलेला चालक मी स्वतः पाहिला होता म्हणून मला तो अभ्यास करावासा वाटला. घरून काम करण्याला माझा विरोध नाही, पण वर्षातून काही रात्री तरी मालासोबत काढाव्यात.

दूरदेशी बेळगावकर | ९ जुलै, पहाटे १:३०

मी जर्मनीत एका यंत्र कंपनीच्या नियोजन विभागात आहे आणि माझे तीन विश्लेषक भारतातून काम करतात. म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो.

घड्याळाचा प्रश्न लोक समजतात त्यापेक्षा खोल आहे. भारत आमच्यापुढे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असतो. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. बैठकीची वेळ सांभाळणे सोपे आहे, विदा सांभाळणे कठीण. आमचा सर्व्हर यूटीसी वेळ (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) नोंदवतो. बेळगावहून रात्री निघालेली गाडी पुण्यात पहाटे चार वाजता आली तर यूटीसीमध्ये आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, म्हणजे तारीखच मागे जाते. रात्रीच्या वाहतुकीचे जितके प्रमाण अधिक, तितका हा दोष मोठा. उद्यमबागकर यांच्या उदाहरणात उशीर खोटा दिसत होता, इथे वेळेआधी येणे खोटे दिसते. हे माझ्या जर्मन सहकाऱ्यांपैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. माझ्या भारतातल्या विश्लेषकाने ते पकडले, कारण आपल्याकडे ट्रक रात्री चालतात हे त्याला ठाऊक होते.

तसेच नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा भारतातून येणारा आमचा माल दहा-बारा दिवस उशिरा येऊ लागला. प्रणालीत जुनाच लीड टाइम होता. त्या आठवड्यात मला कार्यालयात बसलेला माणूस नको होता, न्हावा शेवा बंदरावरच्या एजंटाला फोन करून खरी तारीख विचारणारा माणूस हवा होता. तो कुठे बसतो याने काहीच फरक पडला नसता.

निपाणीची सून | ९ जुलै, सकाळी ९:३०

मलप्रभाकाठ दादा, काल तुमचा पहिला मजकूर पुन्हा वाचला आणि एका वाक्याशी थांबले. तुमची पाच वर्षे ऑक्टोबरअखेर पूर्ण होतात आणि कंत्राट १ सप्टेंबरपासून सुरू होते. कायम नोकरीत सलग पाच वर्षे झाली की ग्रॅच्युइटी मिळते. दोन महिने आधी राजीनामा देऊन कंत्राटावर गेलात तर त्या रकमेवर पाणी सोडावे लागेल, किंवा ती मिळवण्यासाठी भांडावे लागेल. कंपनीने मुद्दाम केले असे मी म्हणत नाही, पण सही करण्याआधी तारीख पुढे ढकलून मागा.

कंत्राटावर भविष्यनिर्वाह निधीत कंपनीचा वाटा थांबतो, आरोग्य विमा स्वतः घ्यावा लागतो, पगारी रजा नसते. वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे गेली तर जीएसटी नोंदणी करावी लागते. म्हणून सध्याचा पगार तितकाच मागू नका. या सगळ्याची किंमत त्यात मिळवून मगच आकडा सांगा. आणि करारात एक कलम आग्रहाने घाला, की महिन्यातून ठरावीक दिवस कारखान्याला किंवा पुरवठादाराला भेट देणे हा कामाचाच भाग मानला जाईल आणि प्रवासखर्च कंपनी देईल. माझ्या पहिल्या करारात ते नव्हते. दीड वर्ष मी स्वतःच्या खर्चाने जात होते, नंतर जाणे थांबले, आणि तुम्ही जी झीज म्हणता ती मला तेव्हा जाणवली.

अंकगणित | ९ जुलै, सकाळी ९:५५

निपाणीच्या ताईंना शंभर टक्के अनुमोदन. मी दोनदा वाचूनही ती तारीख माझ्या नजरेतून निसटली होती.

मलप्रभाकाठ | १६ जुलै, रात्री ८:४५

आठवडाभर लिहू शकलो नाही, त्याबद्दल क्षमस्व. पाऊस असा लागला होता की दोन दिवस घरातून बाहेर पडता आले नाही. त्या दोन दिवसांत ताईंनी सांगितलेली राउटरची बॅटरी किती आवश्यक आहे हेही कळले.

मंगळवारी रजा घेऊन उद्यमबागेत गेलो. उद्यमबागकर यांनी मला पॅटर्न शॉपपासून (साच्याचे नमुने बनवतात तो विभाग) फेटलिंगपर्यंत सगळे फिरवले. ज्या भागाचा क्रमांक मी पाच वर्षे तक्त्यात पाहतो आहे तसाच एक भाग तिथे वाळूतून बाहेर पडताना पाहिला, आणि थंड झालेला दुसरा हातात घेतला. तो इतका जड असेल असे मला वाटले नव्हते. तिथेच आणखी एक गोष्ट उलगडली. फाउंड्री किलोवर विकते आणि आमची कंपनी नगांवर मागवते. एका नगाचे वजन आमच्या मास्टरमध्ये (भागांच्या मूळ यादीत) जुन्या डिझाइनचे राहिले आहे. त्यामुळे दर महिन्याला थोडे नग कमी आले असे दिसते आणि खरेदीवाले पुरवठादाराला दटावतात. मी घरी येऊन तपासले. अशा १७ भागांचे वजन चुकीचे निघाले.

कंपनीशीही बोलणे झाले. वारांचा तक्ता आणि वजनांची यादी आधी पुढे ठेवली, मागणी नंतर. १ नोव्हेंबरपासून कंत्राट सुरू करण्याला मनुष्यबळ विभागाने लेखी होकार दिला आहे. तोवर मी नोकरीतच राहीन आणि दर पंधरा दिवसांनी दोन दिवस पुण्याला जाईन. करारात महिन्यातून चार दिवस भेटींचे धरले आहेत, दोन पुण्यात आणि दोन बेळगाव परिसरातल्या पुरवठादारांकडे. रकमेवर अजून एकमत नाही. आवकेची तारीख फाटकावरच्या नोंदीवरून घ्यावी ही सूचना मात्र लगेच मान्य झाली, आणि सुरक्षा विभागाची वही आता रोज संध्याकाळी छायाचित्र काढून माझ्याकडे येते. ती मराठीत लिहिलेली असते, अक्षर सुवाच्य असते, आणि एसक्यूएलमध्ये ती मीच हाताने भरतो.

टिळकवाडी सर, पुण्याला जाईन तेव्हा टपरीवर चहाला थांबेन. तो मुद्दा माझ्या मनात राहिला आहे.

उद्यमबागकर | १६ जुलै, रात्री ९:२०

१७ भागांची यादी मला पाठवा. त्यांतले चार-पाच आमच्याकडचे असतील; नव्या पॅटर्नची वजने मी काट्यावर करून देतो. पुढच्या वेळी गुरुवारी संध्याकाळी या. गाडी सात वाजता भरायला घेतात, ते पाहायचे राहिले आहे.